अफवा पसरते, कंडी पिकवतात

प्रश्न असा आला आहे : युद्धाच्या बातम्यांत सारखं येणाऱ्या 'डिसइन्फर्मेशन'ला 'अफवा' म्हटलं तर चालेल का, आणि 'प्रोपगंडा'ला 'प्रचार' पुरतो का?

'अफवा' मी तरी वापरणार नाही. अरबीत 'अफवाह' म्हणजे तोंडं. या तोंडून त्या तोंडी गेलेली गोष्ट ती अफवा. म्हणूनच ती कुणाचीच नसते. 'शहरात अफवा पसरली' एवढ्यावर वाक्य पुरं होतं, कर्त्याची कुणाला आठवणही होत नाही. डिसइन्फर्मेशनमध्ये तर कर्ताच महत्त्वाचा. इंग्रजीत हा शब्द रुळला तो रशियन 'देझिन्फर्मात्सिया'वरून, आणि त्यात चुकून सांगितलेलं खोटं बसत नाही. ते ठरवून सांगावं लागतं.

मराठीत याची सोय आधीपासून आहे, फक्त ती नामापेक्षा क्रियापदात जास्त आहे. वावड्या उठवतात (वावडी म्हणजे मोठा पतंग, तेव्हा दोरी कुणाच्या तरी हातात असणारच), हूल देतात, कंडी पिकवतात, बातमी पेरतात. 'कंडी पिकली' असंही म्हणतात, पण ते ऐकल्यावर 'कुणी पिकवली?' हा प्रश्न आपसूक येतो.

यातली हूल समोरच्या सैन्यासाठी. दुसऱ्या महायुद्धात, 1944 मध्ये, दोस्त राष्ट्रांनी फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरायचं ठरवलं, पण जर्मनांना भासवलं ते कॅलेच्या बाजूला उतरणार असं. त्यासाठी हवा भरलेले रबरी रणगाडे होते आणि अमेरिकन जनरल पॅटनच्या नावावर कागदोपत्री उभी केलेली फौज. ही हूल. तिला डिसइन्फर्मेशन म्हणण्याची गरज नाही.

पेरणं-पिकवणं मात्र लोकांसाठी असतं, आणि त्याचा नमुना आपल्या दिल्लीतच सापडतो. जुलै 1983 मध्ये तिथल्या 'पेट्रियट' या इंग्रजी दैनिकात एक निनावी पत्र छापून आलं. लिहिणारा म्हणे कुणी नामांकित अमेरिकन शास्त्रज्ञ. म्हणणं असं की एड्सचा विषाणू अमेरिकी लष्कराने फोर्ट डेट्रिकच्या प्रयोगशाळेत तयार केला. पुढे दोन वर्षं फारसं काही झालं नाही. 1985 च्या ऑक्टोबरात मॉस्कोच्या 'लितेरातूर्नाया गाझेता'ने तोच आरोप छापला, आणि आधार दिला 'पेट्रियट'चा! म्हणजे भारतातल्या पत्राचा हवाला देऊन मॉस्को बोलणार, आणि मग मॉस्कोचा हवाला देऊन बाकीचे. 1987 पर्यंत ही गोष्ट 80 हून अधिक देशांत छापून आली होती. यामागे केजीबी, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर संघटना, होती हे रशियन गुप्तहेर खात्याचे प्रमुख प्रिमाकोव्ह यांनी 1992 मध्ये मान्य केलं. 'एड्सबद्दल अफवा पसरली होती' असं याचं वर्णन केलं, तर केजीबी वाक्यातून अलगद सुटते. 'पेरलेली खोटी बातमी' म्हणा. 'अपमाहिती' हा नवा शब्दही अधूनमधून दिसतो, पण त्याच्यापुढे कुठलं क्रियापद लावायचं हे कुणी सांगत नाही, आणि तो नुसत्या चुकीच्या माहितीसारखा वाटतो.

आता प्रोपगंडा. तो खोटाच असतो असं नाही. निवडक खऱ्यावरही तो छान चालतो. शब्दाचा जन्म तर धर्मखात्यातला : 1622 मध्ये पोपने धर्मप्रसारासाठी नेमलेल्या मंडळाच्या लॅटिन नावात तो होता. या मंडळाने गोव्यातल्या दिवाडीच्या मातेउस द कास्त्रो यांना बिशप करून आदिलशाही मुलखासाठी धाडलं, तेव्हा ते डिचोलीला राहिले आणि पोर्तुगीजांशी त्यांचं अखेरपर्यंत जमलं नाही. पुढे मुंबईच्या चर्चांतही पाद्रोआदो (पोर्तुगालच्या राजाच्या धर्माधिकाराखालचे) आणि प्रोपगंडा (रोमच्या या मंडळाखालचे) असे दोन तट पडले. तिथे 'प्रोपगंडाचा पाद्री' ही शिवी नव्हती, नुसती ओळख होती.

'प्रचार' निवडणुकीत इतका मुरलाय की त्यात युद्धाचा वास येत नाही. 'अपप्रचार'ची अडचण वेगळी : तो नेहमी समोरचाच करतो, आपण करतो ती 'जनजागृती'. म्हणून मी 'प्रोपगंडा'च ठेवतो, आणि विशेषण हवं असेल तर 'प्रचारकी'.