अलिबागजवळच्या शाळेत नववीला ज्यूंचा वंशसंहार शिकवायचाय. पूर्वग्रह कमी व्हावेत म्हणून संग्रहालयांसारखे छळछावण्यांचे फोटो दाखवू का?

प्रेतांच्या ढिगांपासून सुरुवात करू नका. चांगली संग्रहालयंही फक्त ढीग दाखवत नाहीत. ती जिवंतपणीची माणसंही दाखवतात. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयात एका लिथुआनियन गावातल्या ज्यूंच्या लग्नांचे, सहलींचे, शाळांचे शेकडो फोटो आहेत. रवांडातल्या वंशसंहाराच्या किगाली स्मारकात मारल्या गेलेल्या मुलांच्या फोटोंखाली त्यांचा आवडता खाऊ, आवडता खेळ लिहिलाय. कारण उघड आहे: ढिगाची कीव येते, ओळख होत नाही.

तुमच्याकडे तर ही सोय दारातच आहे. अलिबागचं मागेन अबोथ सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आणि नवगावची बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, जुनी दफनभूमी आधी दाखवा (सिनेगॉगमध्ये विचारून जा). मग जर्मनीतल्या पायऱ्या सावकाश घ्या:

- १९३३: ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार
- १९३५: न्यूरेंबर्ग कायदे, नागरिकत्व गेलं
- १९३८: सिनेगॉगची जाळपोळ

गॅस चेंबर यानंतरचे. खरा वेळ बहिष्कारावर घालवा, तिथे शेजारी काय करत होते ते विचारा. ‘तू नाझी, तू ज्यू’ असली नाटुकली मात्र अजिबात नको. वॉशिंग्टनच्या संग्रहालयाच्या शिक्षकांसाठीच्या सूचनांतही अशा नाटकांपासून दूर राहायला सांगितलंय.

फक्त एक, ज्यूंबद्दल हळहळ वाटली म्हणून पलीकडच्या मोहल्ल्याबद्दलचं किंवा वाडीबद्दलचं मुलांचं मत आपोआप बदलत नाही. तो विषय तुम्हालाच वर्गात काढावा लागेल, आणि त्याला एक तास पुरणार नाही.