चीनमधल्या चेंगडू शहरात पहिल्यांदा रस्त्यावरचे फोटो काढताना

पहिल्या आठवड्यात शहरभर फिरू नका. रेनमिन पार्कमधल्या हमिंग चहाघरात बांबूची खुर्ची धरा, झाकणाच्या पेल्यातला चहा मागवा आणि तास-दोन तास बसा. पत्ते खेळणारे आजोबा, गरम पाण्याची किटली घेऊन फिरणारे, चिमट्याची किणकिण करत येणारे कान साफ करणारे; सगळे तुमच्यासमोरूनच जातात. अर्ध्या तासात लोक तुम्हाला विसरतात. खरे फोटो त्यानंतरच मिळतात.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- लांबून झूम करून चोरटे फोटो काढणं. ३५ मिमीची लेन्स किंवा साधा मोबाइल घ्या आणि जवळ जा. "ख-ई फाय-चाओ मा?" (फोटो काढू का?) एवढं पाठ करा. कुणी हात हलवून नको म्हटलं, तर कॅमेरा खाली. पोलीस आणि लष्कराच्या जागा टाळाच.
- पहाटे पाचला उठणं. सगळा चीन बीजिंगच्या वेळेवर चालतो आणि चेंगडू बरंच पश्चिमेला आहे, त्यामुळे हिवाळ्यात आठच्या सुमारास उजाडतं.
- ढगाळ आकाशाला कंटाळणं. इथे ऊन कमीच असतं, पण त्या मऊ उजेडात चेहऱ्यांवर कडक सावल्या पडत नाहीत. मला तर तो उन्हापेक्षा जास्त आवडतो!

फक्त कंदील आणि देवळं टिपत बसू नका. भाजी निवडणाऱ्या आजीकडेही बघा. सेटिंग सध्या ऑटोवरच राहू द्या. पहिले वीस फोटो झाले की दाखवा, मग पुढचं बोलू.