चमचे नको, खुणा विचारा

आईला फोनवर आमटी विचारली की उत्तर ठरलेलं: ‘अंदाजाने घाल गं!’ परदेशी राहणारी बरीच मुलंमुली ही तक्रार घेऊन येतात. माझं सांगणं असं, की आईला प्रमाण विचारूच नका, खुणा विचारा. मीठ किती, हे तिला सांगता येणार नाही. पण फोडणीचा वास कधी बदलतो, घोटलेली डाळ पळीवरून कशी पडायला हवी, गोडा मसाला घातल्यावर उकळी किती वेळ येऊ द्यायची, हे ती लगेच सांगेल.

शिवाय तिचं प्रमाण तुमच्या ओट्यावर जुळेलच असं नाही. अमेरिकेतलं डेन्व्हर उंचावर आहे, म्हणून तिथे पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं, तिथे तूरडाळीला कुकरच हवा. लंडनचं पाणी जड, त्यात डाळ मऊ व्हायला वेळ लागतो. बाटलीतला चिंचेचा अर्क घरच्या कोळापेक्षा बराच तीव्र असतो. जाड कोशर मीठ चमचाभर घेतलं तरी बारीक मिठाइतका खारटपणा येत नाही. विजेच्या शेगडीवर आच कमी केली तरी ती तापलेलीच राहते, म्हणून हळद घालण्याआधी कढलं सरळ उचलून बाजूला घ्या. करपलेल्या हळदीवर उपाय नाही.

चव कळायला एक आमटीच पुरेशी आहे, पण ती पुन्हा पुन्हा करा, त्याच पातेल्यात, त्याच पळीने. डाळ शिजल्यावरच चिंच घाला. आधी घातली तर डाळ नीट शिजत नाही. मग मीठ न घातलेली आमटी तीन वाट्यांत काढा. एकीत थोडं मीठ, दुसरीत मीठ आणि गूळ, तिसरीत मीठ, गूळ आणि आणखी थोडा कोळ. तळहातावर थेंब घेऊन, जरा निवू देऊन चाखा. कढत असताना जिभेला मीठ नीट कळत नाही. गुळाने आंबटपणा कसा मऊ होतो, हे एकदा जिभेला समजलं की कृती बघायची गरज कमी होते. मीठ मात्र नेहमी दोनदा घाला, आधी निम्मं, बाकीचं चाखून.

आपल्याकडे गौरी-गणपतीचा स्वयंपाक नैवेद्य दाखवेपर्यंत चाखत नाहीत. तरी पुरणापासून कटाच्या आमटीपर्यंत सगळं चवीला जमतं, कारण त्या बायका वासावर आणि रंगावर लक्ष ठेवून असतात. मला या कौशल्याचा फार आदर वाटतो, आणि ते परदेशातल्या घरांतून नाहीसं होऊ नये असं मनापासून वाटतं. म्हणून मुलांना जवळ उभं करा. डबा उघडून गोडा मसाला हुंगू द्या, आमटीचा थेंब हातावर द्या आणि विचारा, ‘काय कमी आहे?’ ती म्हणतील ते घाला, फार चुकत असेल तर थोडंच घाला, आणि पुन्हा चाखायला द्या.