स्वतःची वेबसाइट बनवणाऱ्या लोकांच्या समुदायाची खबरबात कुठे मिळते, आणि आजच्या काळात त्यात पडण्यात काही अर्थ आहे का?

प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात देतो, कारण दुसऱ्या भागावरून आमच्या घरात गेली अनेक वर्षे वाद चालू आहे.

या मंडळींचा सर्वांत संघटित गट म्हणजे इंडीवेब. त्यांचे पहिले शिबिर 2011 मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे भरले. त्यांचे ‘धिस वीक इन द इंडीवेब’ हे साप्ताहिक बातमीपत्र ईमेलने येते आणि आरएसएस फीडनेही, म्हणजे साइटवरचा नवा मजकूर वाचकाकडे आपोआप पोचवणाऱ्या सोयीनेही, घेता येते. आगामी बैठका, सभासदांनी आपापल्या साइटवर लिहिलेले लेख आणि समुदायाच्या विकीवर, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायच्या साइटवर, झालेली भर हे सारे त्यात असते. ‘होमब्रू वेबसाइट क्लब’ या नावाने त्यांच्या ऑनलाइन बैठका होतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील पॅसिफिक वेळेनुसार संध्याकाळी सहाला सुरू होणारी बैठक उन्हाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला येते, आणि नेमके तेव्हाच आमच्या गिरगावच्या चाळीत नळाला पाणी येत असल्यामुळे मी आजवर एकही बैठक अखेरपर्यंत ऐकलेली नाही. तुम्ही इमारतीत राहत असाल तर जमून जाईल.

स्पष्ट सांगायचे तर, बातमीपत्र वाचणे हा या छंदाचा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. त्यातले निम्मे लेख ‘मी माझी साइट या सॉफ्टवेअरवरून त्या सॉफ्टवेअरवर कशी नेली’ याच विषयावर असतात. घर बांधून झाल्यावर तिथे राहायचे सोडून आयुष्यभर रंगच देत बसणारी माणसे मला समजत नाहीत. तरीही या समुदायाचे माझ्यावर ऋण आहे, ते असे.

आमचे वडील, अण्णा, गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, जुळवत असत. निवृत्तीनंतर त्यांनी त्या कामाच्या आठवणी वह्यांमध्ये लिहून ठेवल्या होत्या. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा त्या वह्या कलिन्याला थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, तळमजल्यावरील घरात होत्या. पाणी ओसरल्यावर आम्ही त्या पंख्याखाली वाळवल्या. पाने एकमेकांना चिकटलेली होती आणि सुटी करताना शाई बोटांना लागत होती. पुढे बुरशीने उरलेले काम पुरे करण्यापूर्वी मी त्या वह्या रात्री जागून टंकित केल्या आणि 2007 पासून एकेक नोंद साइटवर चढवू लागलो. डोमेन, म्हणजे साइटचे इंटरनेटवरील नाव, दादाने आपल्या कार्यालयाच्या ईमेल पत्त्यावरून नोंदवले होते, कारण त्या काळी आमच्या घरात क्रेडिट कार्ड त्याच्याकडेच होते.

दादा निवृत्त झाला. त्याचा कार्यालयीन पत्ता बंद झाला आणि नूतनीकरणाच्या सूचना त्या बंद पेटीत जाऊन पडू लागल्या. डॉट कॉम नावाची मुदत संपली की ते लगेच दुसऱ्याच्या हाती जात नाही. आधी सवलतीचे काही दिवस मिळतात, नोंदणी रद्द झाली तरी पुढचे 30 दिवस जादा पैसे भरून नाव सोडवता येते आणि शेवटच्या 5 दिवसांनंतर ते खुले होते. आम्हाला या सगळ्याचा पत्ता लागला तो 2018 मध्ये, माझ्या मुलीने आजोबांची साइट मैत्रिणीला दाखवायला उघडली आणि समोर रमीची जाहिरात आली तेव्हा. साइट ठेवायची जागाही त्याच खात्यावर भाड्याने घेतलेली होती आणि विक्रेत्याने ती पुसून टाकली होती. माझ्याजवळ प्रत होती, परंतु 2015 ची. त्यानंतर चढवलेल्या 41 नोंदी मी थेट साइटवरच दुरुस्त करत असल्याने त्यांची अंतिम प्रत कुठेच नव्हती.

इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रतींच्या संग्रहात, त्यांपैकी 17 नोंदी सापडल्या. मी नवे नाव घेऊन, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, झाला प्रकार लिहिला. ज्या वेबरिंगमध्ये, म्हणजे एकमेकींना दुव्यांनी जोडलेल्या साइटींच्या साखळीत, माझी साइट होती, त्यातल्या एकाने त्या लेखाचा दुवा आपल्या पानावर दिला. तो वाचून बेळगावच्या एका वाचकाने पत्र पाठवले की तो कित्येक वर्षे माझे फीड घेत होता आणि त्याच्या फीड रीडरमध्ये, म्हणजे फीड वाचायच्या सॉफ्टवेअरमध्ये, माझ्या नोंदी संपूर्ण मजकुरासह साठलेल्या आहेत. फीडमध्ये पूर्ण मजकूर द्यायचा हे माझे धोरण वगैरे नव्हते; नुसता सारांश द्यायची सोय करण्याचा मला कंटाळा आला होता, एवढेच. त्या आळसामुळे उरलेल्या 24 पैकी 22 नोंदी परत मिळाल्या.

त्यांतली एक नोंद तुटक्या मात्रांविषयी आहे. मात्रेचे टोक नाजूक असल्यामुळे दाबाखाली ते आधी मोडायचे आणि तपासनिसाच्या नजरेतून ते सुटले की ‘मोरे’ यांच्या लग्नपत्रिकेवर ‘मारे’ छापले जायचे. अण्णांनी त्या पत्रिकेचा पूर्ण हिशेब लिहून ठेवला आहे: किती प्रती गेल्या, कागदाचे पैसे कोणाच्या पगारातून कापले आणि वधूपित्याने काय ऐकवले. ही नोंद गेली असती तर मला ती आठवणीतून लिहिता आली नसती.

दादाचे म्हणणे असे की हे सारे फेसबुकवर टाकले असते तर ना नूतनीकरण, ना भाडे. शिवाय ‘तुझ्या साइटवर चिटपाखरू फिरकत नाही, तिथे हजार माणसे वाचतील.’ माझे म्हणणे असे की नाव माझ्या पत्त्यावर असते तर काहीच गेले नसते, आणि हजारांच्या गर्दीतून बेळगावचा तो एक वाचक निघाला असता का, हे दादाने सांगावे. दुसऱ्याच्या ओसरीवर किती दिवस राहायचे हे घरमालक ठरवतो. लोकांच्या साइटी फुकट ठेवणारे जिओसिटीज याहूने 2009 मध्ये बंद केले आणि ऑर्कुट हे समाजमाध्यम गूगलने 2014 मध्ये. हे मी दादाला प्रत्येक गणपतीत ऐकवतो.

म्हणून तुम्ही डोमेन स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या कायमच्या ईमेलवर घ्या. भाऊ कितीही प्रेमळ असला तरी. नूतनीकरण एकदम अनेक वर्षांचे करा. फीडमध्ये पूर्ण मजकूर द्या. दर महिन्याला प्रत काढून ती दुसऱ्या कोणाच्या तरी घरी, शक्यतो वरच्या मजल्यावर, ठेवा.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. दरवर्षी पैसे भरावे लागतात, समुदायाचा कारभार जवळजवळ सगळा इंग्रजीत चालतो आणि एका साइटने दुसरीचा दुवा दिला की तिला तसे कळवणाऱ्या वेबमेन्शनसारख्या सोयी, ते 2017 पासून वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचे अधिकृत मानक असूनही, संगणकाची आवड नसलेल्या माणसाला बसवायला जड जातात. शिवाय माझ्यामागे पैसे कोण भरणार, हा दादाचा प्रश्न बिनतोड आहे. मुलीला खात्याचा पासवर्ड लिहून दिला आहे, यापलीकडे माझ्याजवळ त्याचे उत्तर नाही.

गेल्या महिन्यात अण्णांच्या स्मृतिदिनी दादाने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर मोठ्या अभिमानाने साइटचा दुवा टाकला. पत्ता जुना होता. आमच्या दोन आत्यांनी रमीचे ॲप उतरवून घेतले आहे.