‘आपल्याकडचं इंग्रजी’ परदेशात चालेल का?

पत्र: “आम्ही दांडिया बाजारात राहतो, चार पिढ्या बडोद्यात. मुलगी 25 वर्षांची आहे. सयाजीराव विद्यापीठातून इंग्रजीत एम.ए. झाली आणि दोन वर्षं आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या एका क्लासमध्ये शिकवते. परदेशात जाऊन इंग्रजी शिकवायची तिची फार इच्छा आहे. परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं, म्हणजे टेफलचं, 120 तासांचं सर्टिफिकेट ऑनलाइन घेतलं, दक्षिण कोरिया आणि चीनमध्ये अर्ज केले. दोन्हीकडून उत्तर आलं, ‘फक्त नेटिव्ह स्पीकर’, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेलेच. तेव्हापासून ती इंग्रजी बोलताना अडखळायला लागली आहे. इथला एक क्लासवाला म्हणतो, चार महिन्यांत अमेरिकन अ‍ॅक्सेंट करून देतो, 45,000 रुपये होतील, आपल्याकडचं इंग्रजी बाहेर चालत नाही. पैसे भरावेत का? की तिनं शिकवणं सोडून दुसरं काही बघावं?” – एक आई, बडोदा

ताई, सप्रेम नमस्कार.

पैसे भरू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण पत्रावरून वाटतं की पहिला हप्ता भरायचा दिवस जवळ आलाय. कारणं सावकाश वाचा आणि मुलीलाही वाचायला द्या.

दक्षिण कोरियात तुमच्या मुलीचं इंग्रजी कुणी ऐकलेलंच नाही. तिथे इंग्रजी शिकवण्यासाठी ई-2 नावाचा व्हिसा लागतो आणि तो सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. यातला शेवटचा देश बघा. दक्षिण आफ्रिकेत इंग्रजी ही घरची भाषा असलेले लोक दहात एकसुद्धा नाहीत, तरी त्यांचं नाव यादीत आहे आणि आपलं नाही. ही यादी पासपोर्ट बघते. चीनचंही साधारण तसंच आहे, तिथलं वर्क परमिट इंग्रजी शिक्षकासाठी मुख्यतः इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांनाच मिळतं. शिवाय जुलै 2021 मध्ये चीन सरकारनं खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले आणि देशाबाहेर बसून चिनी मुलांना ऑनलाइन शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकांची वाटही बंद केली, त्यामुळे ते दार आता तसंही अरुंद झालंय. मग अमेरिकन अ‍ॅक्सेंट शिकून काय होणार? अर्ज उघडणारा माणूस पहिल्या पानावरचं राष्ट्रीयत्व वाचून तो बाजूला ठेवतो.

कोरियाची एक बारीक वाट आहे तेवढी सांगते. भारत-कोरिया आर्थिक करार 1 जानेवारी 2010 पासून लागू आहे. त्यात पदवी आणि शिक्षकाची अधिकृत पात्रता असलेल्या भारतीयांना तिथल्या शाळांत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून घेण्याची तरतूद आहे. मात्र या वाटेवर भरवसा ठेवून बसू नये. आणि तिथेही काय मागितलंय ते लक्षात घ्या: शिक्षकाची पात्रता. टेफलचं ऑनलाइन सर्टिफिकेट म्हणजे ती नव्हे.

आता ‘आपल्याकडचं इंग्रजी’ या शब्दांबद्दल. ते वाचून मला वाईट वाटलं, कारण ही गोष्ट मुलीला आपणच, प्रेमापोटी, सांगत राहतो. अमेरिकेत डोनाल्ड रुबिन नावाच्या प्राध्यापकानं 1992 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या दोन गटांना एकाच अमेरिकन बाईनं वाचलेलं एकच छोटं व्याख्यान ऐकवलं. एका गटासमोर गोऱ्या बाईचा फोटो होता, दुसऱ्यासमोर आशियाई चेहऱ्याच्या बाईचा. आवाज तोच, शब्द तेच. तरी दुसऱ्या गटाला ‘परकी’ ढब ऐकू आली, आणि त्यांना व्याख्यान कमी समजलं. म्हणजे ऐकणाऱ्याचा पूर्वग्रह त्याच्या कानात आधीच बसलेला असतो. असल्या कानापुढे तुमची मुलगी कितीही घोटून अमेरिकन बोलली तरी त्याला बडोदाच ऐकू येईल. मला याचा राग येतो, आणि तिलाही यावा असं वाटतं. स्वतःच्या जिभेची लाज वाटण्यापेक्षा तो बरा.

मूळचे काश्मीरचे भाषाशास्त्रज्ञ ब्रज कचरू यांनी 1985 मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. आत ब्रिटन-अमेरिकेसारखे देश, मधल्या वर्तुळात भारत, सिंगापूर, नायजेरिया यांसारखे, जिथे इंग्रजी कारभारात आणि शिक्षणात रुजली, आणि बाहेर चीन, कोरिया यांसारखे. मधल्या वर्तुळातल्या लोकांनी इंग्रजी आपली करून घेतली, तिला स्वतःचे नियम दिले, असं त्यांचं म्हणणं. ‘कौन्सिल ऑफ युरोप’ या संस्थेनं 2018 मध्ये भाषा-पातळीची आपली चौकट सुधारली तेव्हा उच्चाराच्या मोजपट्टीतून ‘नेटिव्ह’सारखं बोलण्याचा आदर्श काढून टाकला आणि समजेल असं बोलणं ही कसोटी ठेवली. तुमची मुलगी तर आयेल्ट्स शिकवते. बोलण्याच्या परीक्षेत चार निकष असतात, उच्चार हा त्यांतला एक, आणि परीक्षक बघतो ते बोलणं किती सहज समजतं हे. ती मुलांना रोज हेच सांगत असणार. स्वतःला सांगायचं राहून गेलंय.

पण समजण्याचा प्रश्न खरा आहे, तो मी झटकणार नाही. इथे थोडी मेहनत आहे, आणि ती घरी बसून होते.

मी मस्कतच्या एका भारतीय शाळेत सहा वर्षं इंग्रजी शिकवलं. तिथल्या एका ब्रिटिश शेजारणीला माझं ‘पार्क’ नेहमी ‘बार्क’ ऐकू यायचं. मला वाटायचं बाई ऐकायला कमी. पुढे कळलं की इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क श्वास सोडून म्हणतात, आपल्या महाप्राणाच्या जवळ जातील असे. आपण ते कोरडे, अल्पप्राण म्हणतो, आणि त्या कानाला प चा ब होतो. जेनिफर जेनकिन्स या संशोधिकेनं, इंग्रजी मातृभाषा नसलेली माणसं आपसात बोलताना नेमकी कुठे गोंधळतात, याचा अभ्यास केला. तिच्या यादीत हा श्वास आहे. स्वरांची लांबी आहे: ‘शिप’ आणि ‘शीप’. आपण लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाचा आग्रह धरतो, पण बोलताना मराठीतही तो फारसा पाळत नाही आणि गुजरातीतही नाही, म्हणून कान तयार करावा लागतो. व आणि व्ह आहेत. मराठीत आपण ‘व्हिसा’ लिहितो आणि ‘विसा’ म्हणतो, ओठ-दातांची ती जागा जिभेला कुणी दाखवलेलीच नसते. आणि जे यादीत नाही तेही बघा: ‘थर्ड’, ‘थिंक’मधला तो थ, ज्यासाठी क्लासवाले महिना घालवतात. तो आपला मराठी थ राहिला तरी कुणाचं काही अडत नाही, असं तिला आढळलं.

सगळ्यात महत्त्वाचा मला वाक्यातला जोर वाटतो. आपण म्हणतो ‘मंगळवारीच ये’. बडोद्याच्या मुलाला तर दोन दोन सोयी, मराठीत ‘च’ आणि गुजरातीत ‘ज’. इंग्रजीकडे असा प्रत्यय नाही, ते काम आवाज करतो. ज्या शब्दावर भर, तो शब्द लांबवून, उंच करून म्हणायचा. आपण सगळे शब्द सारख्याच जोरानं म्हणतो आणि ऐकणाऱ्याला मुद्दा सापडत नाही. रोज वीस मिनिटं मोबाइलवर स्वतःचं वाचन रेकॉर्ड करून ऐकावं. या एवढ्या गोष्टी सुधारल्या की पुरे, त्यासाठी तिला वेगळी बाई व्हायची गरज नाही. शब्दांचंही भान हवं. ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे आणणं) आज ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे, पण बँकॉकच्या मुलाला तो कळेलच असं नाही. शिक्षिकेला इथलाही शब्द यावा आणि तिथलाही.

तुमच्या घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, टीव्हीवर हिंदी, शाळेत इंग्रजी. दुसरी भाषा डोक्यात कशी शिरते, कुठे अडते, हे तिनं स्वतः भोगलंय. इंग्रजी घरातच मिळालेल्या शिक्षकाला विद्यार्थ्याचं अडणं बऱ्याचदा दिसतच नाही. मुलाखतीत तिनं हे ठासून सांगावं, उदाहरणासकट.

आता नोकरीचं. तिच्यासाठी सर्वांत पक्की वाट आखाती देशांतल्या भारतीय शाळांची आहे: ओमान, अमिराती, कतार, कुवेत. तिथे सीबीएसई शाळा भरपूर आहेत, आणि तिथे पहिला प्रश्न येतो बी.एड. आहे का. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांत पगार जास्त असतो, पण तिथे ब्रिटनमध्ये प्रशिक्षण घेतलेल्यांना झुकतं माप मिळतं. सुरुवातीला त्यांच्या मागे लागू नये. थायलंडमध्येही भारतीय शिक्षक घेतात. तिथे आपल्यासारख्या देशांच्या नागरिकांकडून टोइक किंवा आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण मागतात, आणि बरेचदा गोऱ्या शिक्षकापेक्षा कमी पगार देऊ करतात. हे अन्यायाचं आहे आणि जाण्याआधी माहीत असावं. कुठेही जायचं तर पदवीच्या कागदांवर साधारणपणे राज्य सरकार आणि परराष्ट्र मंत्रालय यांचे, आणि काही देशांसाठी त्यांच्या दूतावासाचेही शिक्के लागतात. त्यात आठवडे जातात, नोकरी पक्की व्हायची वाट न बघता चौकशी सुरू करावी.

एजंट गाठलात तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर त्याची नोंदणी आहे का, ते आधी बघा. नोंदणी असलेल्या एजंटला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. लाख-दोन लाख मागणाऱ्याच्या ऑफिसात दुसऱ्यांदा जाऊ नका.

तिच्या 120 तासांच्या सर्टिफिकेटबद्दलही बोलायला हवं. केंब्रिजचा सेल्टा हा इंग्रजी शिक्षकांसाठीचा कोर्सही साधारण 120 तासांचाच असतो, पण त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं आणि मागे बसून कुणीतरी ते बघत असतं. ऑनलाइन स्वस्त सर्टिफिकेटात हे नसतं, आणि शाळावाल्यांना हा फरक कळतो. सेल्टा महाग आहे, तो बी.एड.नंतर, पहिल्या नोकरीच्या पगारातून करता येईल. आधी बी.एड., दोन वर्षांचं. आपल्या विद्यापीठात शिक्षणशास्त्राची जुनी फॅकल्टी आहेच. आणंदजवळ वल्लभ विद्यानगरला एच. एम. पटेल संस्था आहे, ती तर इंग्रजीच्या अध्यापनासाठीच ओळखली जाते. आणंदपर्यंत गाडीनं जायचं, फार लांब नाही. मुलीला एक दिवस क्लासला सुट्टी काढायला सांगा. दोघी मिळून जा, वर्ग बघा, फी विचारा. ते 45,000 तोवर बँकेतच राहू द्या.