पेट स्कॅन झालाय, मग हा दुसरा कशाला?

प्रश्न: सासूबाई ६४ वर्षांच्या, आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. २०१८ ला ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रिपोर्टमध्ये ईआर पॉझिटिव्ह होतं, तेव्हापासून टॅमोक्सिफेन चालूच आहे. आता पेट स्कॅनमध्ये मणक्यात आणि लिव्हरमध्ये डाग दिसले. डॉक्टर म्हणतात एफईएस पेटची मुंबईत चौकशी करा. परत तोच स्कॅन? आणि घरात दोन वर्षांचा नातू आहे.

उत्तर: ताई, मशीन तेच, पण आत सोडतात ते औषध वेगळं. आधीच्या स्कॅनला एफडीजी, म्हणजे किरणोत्सारी साखर दिली असणार, ती जिथे पेशी जास्त साखर खातात तिथे जमते, पण गाठ इस्ट्रोजेनवर, म्हणजे बायकांच्या हार्मोनवर, वाढतेय का हे ती सांगत नाही. एफईएस म्हणजे इस्ट्रोजेनलाच किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेलं, ते ईआर, म्हणजे पेशीतल्या इस्ट्रोजेन पकडणाऱ्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं, आणि बायोप्सीत एकाच जागेचा तुकडा कळतो तर इथे अंगभरच्या डागांचा अंदाज येतो. अमेरिकेत २०२० मध्ये याला मंजुरी मिळाली, तीही बायोप्सीच्या जोडीला म्हणून, तिच्याऐवजी नाही.

आता खरी अडचण, जी तुमच्या पत्रातच आहे. टॅमोक्सिफेन त्याच रिसेप्टरवर ठाण मांडून बसतं, त्यामुळे रिसेप्टर असूनही स्कॅन कोरा येऊ शकतो, गोळी बंद केल्यावरही साधारण ८ आठवडे. (याच आजाराच्या दुसऱ्या हार्मोन-औषधांत फुलवेस्ट्रंट इंजेक्शनचं तर २८ आठवडे. लेट्रोझोल गोळीचं तसं नाही, ते रिसेप्टरवर बसतच नाही.) दुसरं म्हणजे लिव्हर हे औषध स्वतःच ओढून घेतं, सगळं लिव्हर उजळतं आणि तिथला डाग त्यात हरवतो. म्हणून माझं मत विचाराल तर पैसे भरायच्या आधी डॉक्टरांना सरळ विचारा, गोळी चालू असताना याचा उपयोग किती, आणि लिव्हरच्या डागाची बायोप्सी जमेल का. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका हं.

नातवाचं म्हणाल तर फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांना निम्मं होतं. मुंबईहून निघून कसाऱ्याच्या ट्रॅफिकमधून चार तासांनी घरी पोचेपर्यंत पाव हिस्साही उरत नाही. सासूबाईंना भरपूर पाणी पाजा, वारंवार लघवीला जाऊ द्या, त्या रात्री नातवाला कुशीत नको. सकाळी खुशाल खेळवू दे.