डॉमिनो सिद्धांत वाचायला घेताय? सुरुवात इथून करा

छान विषय निवडलात! एक देश कम्युनिस्टांकडे गेला की शेजारचे देशही डॉमिनोच्या सोंगट्यांसारखे एकामागून एक पडतील, असं हा सिद्धांत म्हणतो. फक्त लगेच अख्खं शीतयुद्ध अंगावर घेऊ नका. इंडोचायना (व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया), १९५४ ते १९७९, एवढंच पुरे. क्युबा, अंगोला नंतर.

आधी नकाशा घ्या आणि १७ वं अक्षवृत्त पेन्सिलीनं आखा. जुलै १९५४ मध्ये जिनिव्हात ठरलेली, व्हिएतनामचे उत्तर-दक्षिण भाग करणारी ही रेषा तात्पुरती होती; १९५६ मध्ये निवडणुका व्हायच्या होत्या, त्या झाल्याच नाहीत. तिला कायमची सरहद्द समजलात की पुढचं सगळं चुकतं. जिनिव्हा करारावरच्या देखरेख आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, हेही टिपून ठेवा.

मग तीन तारखा एकाखाली एक लिहा:
- ७ एप्रिल १९५४: अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर पत्रकार परिषदेत डॉमिनोची उपमा देतात
- ७ मे: व्हिएतनाममधला फ्रेंचांचा तळ दिएन बिएन फू पडतो
- ८ सप्टेंबर: मनिलात सीटोचा (कम्युनिझम रोखण्यासाठीची अमेरिकाप्रणीत संरक्षण संघटना) करार, आग्नेय आशियातले सदस्य फक्त थायलंड आणि फिलिपिन्स

नवखे हमखास चुकतात ते मॉस्को, बीजिंग, हनोई (सोव्हिएत संघ, चीन आणि व्हिएतनामची कम्युनिस्ट सरकारं) यांना एकच गट मानण्यात. फेब्रुवारी १९७९ मध्ये व्हिएतनामवर चाल करून गेला तो चीनच.

सिद्धांत खरा की खोटा, हा निकाल एवढ्यात देऊ नका. १९७५ मध्ये सायगॉन (दक्षिण व्हिएतनाम), नॉम पेन्ह (कंबोडिया) आणि लाओस तिन्ही कम्युनिस्टांकडे गेले. शेजारचं थायलंड मात्र टिकलं. का टिकलं, हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि वाचत राहा.